स्कूटर गल्लीत वळेपर्यंत

कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या की त्यांचा धूर आधी जमिनीलगत रेंगाळतो, आणि मग कुठे उन्हाची एखादी तिरीप सापडली की तिचं बोट धरून हळूहळू वर चढतो. पौषातल्या त्या सकाळी तो आमच्या परसातल्या पेरूच्या फांद्यांतून असाच वर चढत होता. खाली जाळात हिरवी, पांढरट झाक असलेली भरताची वांगी तडतडत होती, सालींना भेगा पडत होत्या, आतला रस निखाऱ्यांवर सांडत होता, आणि त्या रसाचा, धुराचा, भाजत्या मिरचीचा मिळून जो वास तयार होतो तो जळगावच्या आमच्या गल्लीत घरोघर जाऊन आमंत्रण देत होता. मी आतल्या खोलीत खिडकीशी बसलो होतो. गुडघ्यावर शाल, हातात न वाचलेलं वर्तमानपत्र. धुराबरोबर खिडकीतून आणखी एक गोष्ट आत येत होती. माझ्या पत्नीचा आवाज. ती बोलत होती, अखंड, न थांबता, चढउतारांसह, मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर हसत.

हे वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. बायको बोलते यात लिहिण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या घरात इंदू अबोल आहे हा सर्वमान्य समज होता. नातवंडांना आजी म्हणजे कामात बुडालेली, मान हलवून होकार देणारी, पदराआड हसणारी एक प्रेमळ सावली. पाहुणे आले की मीच सांगत असे, "आमच्या हिला बोलायची फारशी आवड नाही." हे वाक्य मी इतकी वर्षं, इतक्या सहजपणे उच्चारलं की ते मलाही खरं वाटू लागलं होतं.

ते खरं नव्हतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला चुकीची नोंद कशी दुरुस्त करतात हे चांगलं ठाऊक असतं. चुकीच्या मजकुरावर एक आडवी रेघ मारायची, वर खरा मजकूर लिहायचा, आणि शेजारी आपली सही करायची. खरवडून टाकायचं नाही. मूळ चूक कुणालाही वाचता आली पाहिजे. त्याच रीतीने हे लिहितो आहे.

इंदूचं माहेर शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी तिला पाहायला गेलो तेव्हा ती आधी दिसली नाही, ऐकू आली. घरामागच्या खळ्यावर कापूस वेचून आलेल्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यातला एक आवाज गावच्या बाजारातल्या एकेका विक्रेत्याची नक्कल करत होता. बांगडीवाला कसा गोड बोलतो, मिरचीवाली कशी अंगावर येते, मापाडी कसा नाकात आकडे म्हणतो. बायका हसून हसून लवंडत होत्या. तिला माहेरी सगळे 'इंदी' म्हणत. चहाचा कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा मात्र खाली मान घालून आली, जशी त्या काळी यावं लागे. पण मी होकार दिला तो त्या खाली घातलेल्या मानेला नव्हे. खळ्यावरच्या त्या आवाजाला दिला होता.

आणि मग तोच आवाज मी बंद केला.

त्यामागे एक भीती होती. ती माझ्यात कुठून आली, तेही सांगितलं पाहिजे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मी धुळ्याला गेलो होतो. पाढे पाठ, व्याकरण पाठ, अक्षर मोत्यासारखं. टेबलापलीकडच्या तिघा साहेबांपैकी एकाने अगदी साधं विचारलं, कुठून आलात. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे येतं तेच माझ्या तोंडून आलं: "शिरपूरकडथून उनू, साहेब." तिघांपैकी एक जण हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मूल बोबडं बोललं की हसतात तसा. ती नोकरी मला मिळाली नाही. का मिळाली नाही हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण मी माझ्यापुरतं कारण ठरवून टाकलं. पुढची मुलाखत येईपर्यंत मी गावात कुणाशी अहिराणीत बोललो नाही. म्हशीशीसुद्धा प्रमाण मराठीत बोलत असे. वडील म्हणत, पोराला शहराची बाधा झाली.

पुढची नोकरी लागली. जळगावला सरकारी निवासात, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, खोल्या मिळाल्या, लग्न झालं, आणि नव्या संसाराच्या पहिल्याच हिवाळ्यात आमचे साहेब सपत्नीक चहाला आले. पुण्याकडचे. मी सकाळपासून खुर्च्यांची जागा बदलत होतो. इंदू दारात आली आणि मोकळ्या, आनंदी आवाजात म्हणाली, "बठा ना साहेब, चहा लई येस." साहेबांच्या पत्नी हसल्या. मला धुळ्याचं ते टेबल आठवलं. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलो आणि हळू आवाजात, अगदी सभ्यपणे, एवढंच म्हणालो, "लोकांसमोर बोलत जाऊ नकोस."

मी ओरडलो नव्हतो. म्हणूनच कदाचित ते वाक्य इतकं टिकलं. आरडाओरडा माणूस विसरतो. शांतपणे केलेली सूचना अंमलात येते. तिने ती अशी अंमलात आणली की मी चकित व्हावं. लोकांसमोर नाही, आणि हळूहळू माझ्यासमोरही नाही. मुलं झाल्यावर मी घराचा नियमच केला: या घरात 'शे' चालणार नाही, 'आहे' म्हणायचं. "'शे'ने पोट भरत नाही, 'आहे'ने भरतं," हे माझं ठरलेलं वाक्य होतं. कचेरीतही खेड्यातून पाण्याच्या पाळीची तक्रार घेऊन आलेल्या माणसांना मी म्हणे, "नीट बोला." ती बिचारी माणसं टोपी सावरून, घसा खाकरून, कुठल्याशा सभेत ऐकलेली मराठी आणत आणि त्या मराठीत त्यांची तक्रार निम्मी हरवून जाई.

माझं गणित चुकलं असं मात्र म्हणता येणार नाही, निदान पुष्कळ वर्षं तरी नाही. मुलगा राजेंद्र 'आहे' म्हणत शिकला आणि इथल्याच महाविद्यालयात प्राध्यापक झाला. त्याची मुलगी पूर्वा आणखी एक पायरी वर गेली. तिने इंग्रजी घेतली, संगणकाची पदवी घेतली आणि पुण्यात काचेच्या एका उंच इमारतीत नोकरीला लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रणालींमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. मला ते फार आवडलं. घराण्याचाच धंदा, मी म्हणालो. मी जावक पत्रांतल्या चुका शोधत असे.

मग एक दिवस ती चुका शोधण्याचं काम यंत्रच करू लागलं. पूर्वाला आणि तिच्या सोबतच्या अनेकांना संगणकाच्या पडद्यावरच्या सभेत निरोप देण्यात आला. ती दोन बॅगा आणि कुंडीतलं एक रोप घेऊन जळगावला आली, रोप माझ्या खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, "नाना, याला ऊन लागतं, मला झोप लागते." पंधरवडाभर ती खरोखर झोपली. राजेंद्रच्या चेहऱ्यावर सुतक होतं. गल्लीतली माणसं 'सुट्टीवर आली का' असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. मला मात्र त्या पोरीचं कौतुक वाटे. माझ्या काळी नोकरी गेलेला माणूस दाढी वाढवी. ही सकाळी उठून रोपाला पाणी घालत गाणं गुणगुणायची.

आमच्याकडे केळीच्या बागेत एक गोष्ट लहानपणापासून दिसते. केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरला की ते खोड कापून टाकतात, आणि तोवर त्याच्या बुंध्याशी नवं कोवळं रोप उगवून आलेलं असतं; त्याला पील म्हणतात. पुढचा घड त्या पिलाचा. माझी नोकरी वडाच्या झाडासारखी होती, एकदा सावलीत बसलो तो निवृत्तीलाच उठलो. पूर्वाच्या पिढीची नोकरी केळीची आहे. हे सुचलं तेव्हा मला भीती वाटण्याऐवजी थोडं बरंच वाटलं, कारण केळीची बाग मी कधी उदास पाहिलेली नाही.

पील उगवलं ते असं. माणसांचं बोलणं यंत्राला शिकवणारी एक लहानशी कंपनी होती. मोठ्या भाषा त्याला येत होत्या; आता त्यांना लहान भाषा, बोली हव्या होत्या. शेतकऱ्याने आपल्या तोंडच्या शब्दांत विचारावं आणि यंत्राला ते समजावं, अशी काहीतरी कल्पना. त्यांना खानदेशातून अहिराणीतलं बोलणं गोळा करून, ऐकून, लिहून पाठवणारं माणूस हवं होतं. पूर्वा जळगावची, म्हणजे तिला अहिराणी येतच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं. तिनेही त्यांचा समज मोडला नाही. काम आधी परीक्षेवर मिळालं. पहिलं ध्वनिमुद्रण पसंत पडलं तर पुढचं.

पोरगी उत्साहाने हिंडली. धुळ्याच्या बाजारात गेली, शिरपूरला मामांकडे जाऊन आली, पाचोऱ्याच्या स्टेशनवर बसली. प्रत्येकाला आधी सांगायची, हे बोलणं यंत्राला शिकवण्यासाठी आहे, चालेल ना. माणसं आनंदाने हो म्हणत. संध्याकाळी ती ते मुद्रण मला ऐकवू लागली आणि मी खुर्चीत अवघडून बसलो.

धुळ्याचा एक मिरचीवाला. ती म्हणाली, क्षणापूर्वी तो रिक्षावाल्याशी अशी मस्करी करत होता की बघे जमले होते. फोन पुढे धरताच त्याने घसा खाकरला. "नमस्कार. मी या ठिकाणी आपणास सांगू इच्छितो, की मिरची हे एक महत्त्वाचं पीक आहे." त्याच्यानंतर एक आजीबाई: "आम्ही सर्व जण सुखी आहोत." त्यानंतर एक शेतकरी, ज्याने कापसावर चक्क भाषण केलं आणि शेवटी आभार मानले. पूर्वा हसत होती, मीही हसत होतो. पण दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं आणि तिचं हसू मावळलं. हे बोलणं नव्हे, त्यांनी कळवलं होतं. आम्हाला माणसं घरात बोलतात तसं हवं. पुढचंही असंच आलं तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

"नाना, असं का करतात हो हे लोक? फोन दिसला की सगळ्यांना इस्त्री होते."

मला उत्तर माहीत होतं. परका माणूस दिसला की आमच्याकडची बाई जसा पदर डोक्यावर ओढते, तशी आमची माणसं बोलण्यावर मराठी ओढतात. हा हात आपोआप वर जातो. तो तसा जावा म्हणून एका पिढीने दुसरीला शिकवलेलं असतं, आणि शिकवणाऱ्यांपैकी एक जण तिच्यासमोर खुर्चीत बसला होता. मी म्हणालो, "असेल काहीतरी. मी बोलून बघू का?"

तो प्रयोग मी लिहिला नाही तर हे दुरुस्तीपत्र अपुरं राहील. पूर्वाने फोन समोर ठेवला. पडद्यावर एक बैलाचं चित्र होतं. त्याविषयी मनाला येईल ते बोलायचं. मी डोळे मिटले, गाव आठवलं, वडील आठवले, आमचा पांढरा बैलही आठवला, आणि तोंड उघडलं तर जे बाहेर आलं ते असं होतं, की जणू सरकारी परिपत्रकाचं कुणीतरी अहिराणीत भाषांतर केलं आहे. शब्द होते, चाल नव्हती. 'सदर बैल' असं मी म्हणालो, हे पूर्वाने मला पुन्हा ऐकवलं तेव्हा कळलं. ती पोट धरून हसली. दाराशी मेथी निवडत बसलेल्या इंदूनेही पदर तोंडाला लावला. पदराच्या वरून तिचे डोळे मला दिसले. त्या डोळ्यांत मला खळ्यावरची ती मुलगी क्षणभर दिसली, जिने आत्ता, या क्षणी, माझ्या त्या 'सदर बैला'ची नक्कल करून गाव लोटपोट केलं असतं, आणि जिने ती केली नाही.

दुपारी इंदू देवळात गेल्यावर मी पूर्वाला बोलावलं आणि सांगितलं. मुलाखत, साहेबांचा चहा, घराचा नियम, सगळं. तुझी आजी अबोल नाही. तिला मी अबोल केलं. तुझ्या कामाला हवा तो आवाज या घरातच आहे, आणि तो बंद करणाराही मीच.

ती मला रागावेल अशी मी तयारी केली होती. ती रागावली नाही. "आजी बोलायची?" तिने विचारलं, भिंतीवरचं घड्याळ पूर्वी गायचं असं कुणी सांगितल्यासारखं. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग, नाना? तिला सांगा."

तरुण माणसं असं एका वाक्यात बोलून मोकळी होतात.

इंदू देवळातून आली आणि गॅसशी उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. तसाच, जसा त्या एका हिवाळ्यात गेलो होतो, फक्त मधल्या काळात माझे केस गेले होते. काय बोलायचं ते मी मनाशी जुळवलं होतं, चांगली वाक्यं होती. पण त्यांतलं एकही मला तिथे शोभेना. शेवटी तिच्या माहेरचं नाव तोंडात आलं आणि त्यामागोमाग उरलेले शब्द आपसूक आले, अडखळत. "इंदी, बोल ना वं."

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे वळली. चेहरा अगदी गंभीर.

"आते बोलू का?" ती म्हणाली. "साहेब चहा पेवाले येतीन ना."

मी किती वर्षं मनाशी म्हणत होतो की ती ते विसरली असेल. बायका विसरत नाहीत. त्या नीट घडी घालून ठेवतात. माझा चेहरा पाहून तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता तिने अट घातली. त्या फोनपुढे बसून ती बोलणार नाही. "एकली बोलनू तं लोके याडी म्हनतीन." बोलणं म्हणजे काय पारायण आहे, एकट्याने करायला? परसात भरीत करा. शकूअक्काला बोलवा, तिच्या नणंदेला बोलवा, भाजीवाल्या मथुरालाही. फोन तिथे कुठेतरी पडून राहू दे.

शकूअक्का ही सरकारी निवासातली आमची जुनी शेजारीण. मूळची अमळनेरकडची, आता शेजारच्याच गल्लीत राहते. तिच्या हसण्याने भिंतीवरचा चुना पडतो असं तिचे मालक म्हणत. पूर्वाने मोटारसायकलवर नशिराबादला जाऊन पऱ्हाट्यांचा भारा आणि वांगी आणली, कळण्याच्या भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ दळून घेतलं, केळीची पानं धुतली. बायका जमल्यावर तिने सगळ्यांना फोन दाखवला, कशासाठी आहे ते समजावलं, त्यांचा होकार घेतला आणि तो पेरूच्या खालच्या फांदीला बांधलेल्या टोपलीत ठेवून दिला. मला सक्त ताकीद होती: नाना, तुम्ही आतच.

म्हणून मी खिडकीशी होतो.

सुरुवातीला त्या टोपलीचा मान राखला गेला. कुणीतरी "आज हवामान चांगलं आहे" असं म्हणालं. मग मथुरा म्हणाली की वांगी जाळात टाकायच्या आधी तेलाचा हात फिरवला नाही, कुणाच्या घरची रीत ही. शकूअक्का म्हणाली, तुझ्या गाडीवरची वांगी असती तर तेल कशाला, किडेच साल सोलून देतात. आणि बांध फुटला. जाळ चढला, वांगी तडतडू लागली, लसूण सोलला जाऊ लागला आणि माझ्या कानांवर ते पाणी आलं, ज्याची पाळी मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. इंदू बोलत होती. बांगडीवाला, मिरचीवाली, मापाडी सगळे पुन्हा जिवंत झाले, नवे आले: केबलवाला, बँकेतला मुलगा, दवाखान्यातली बाई जी 'पुढे सरका' असं रांगेला नाकातून म्हणते. आणि मग, एका जड, कोरड्या, कचेरीच्या आवाजात: "नीट बोला. सदर बैल कोणाचा आहे?"

परसातला तो हशा मी कधी विसरणार नाही. वर्तमानपत्र तोंडाला लावून मीही हसलो. डोळ्यांतून पाणी आलं ते अर्धं धुराचं होतं.

त्यानंतर शकूअक्का जे बोलली त्यासाठी मी तयार नव्हतो. ती पूर्वाला सांगत होती की तुझ्या आजीला अबोल म्हणणाऱ्याला आधी निवासातल्या भिंतींना विचारू दे. दुपारभर सगळ्या जणी आमच्याच मागच्या ओट्यावर असत. पोरं शाळेतून येत, तीही त्यातच. राजेंद्र तर असा फडाफड बोले की ऐकत राहावं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी माझ्या स्कूटरचा आवाज वळला, की कुणीतरी म्हणायचं, "चला वं माय, आहे उना." 'आहे' आला. तेच माझं नाव होतं. अख्ख्या निवासात बायका मला 'आहे' म्हणत. आहेची भाजी करायची राहिली. आहेचा डबा घासायचा आहे. स्कूटर दाराशी थांबेपर्यंत ओटा रिकामा, पोरं पुस्तकांवर, आणि माझी पत्नी अबोल.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

इतकी वर्षं मी एका मोठ्या अपराधाचं ओझं वाहत होतो, आणि ते ओझं वाहण्यातही माझा थोडा गर्व होता, हे मला त्या खिडकीशी उमगलं. मी तिचा आवाज बंद केला, असं मी मानत आलो, जणू कुणाचा आवाज बंद करण्याइतका मी मोठा होतो. नदीला बांध घातला की ती वाट बदलते, हे पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून मला कळलं नव्हतं. ती वाहतच होती. माझ्याच घरामागून, रोज, भरभरून वाहत होती. राजेंद्रला ती मिळाली, शेजाऱ्यांना मिळाली, ओट्यावर शेंगा फोडायला आलेल्या कुणालाही मिळाली. कोरडं राहिलं ते एकच शेत, आणि ते माझं होतं. माझी चूक त्यामुळे लहान होत नाही. फक्त त्या चुकीचं नुकसान कोणाच्या नावावर लिहायचं, तेवढं बदलतं.

मी उठलो आणि मागचं दार उघडलं. ते दार कुरकुरतं.

त्या क्षणी परसातलं सगळं बोलणं थांबलं. ठरवून नाही, जुन्या सवयीने, एकदम. शकूअक्काचा हात परातीत थांबला. मथुराने पदर सारखा केला. इंदूने मान खाली घातली. फक्त जाळ बोलत होता. इतक्या वर्षांत मी दारातून आत येताना ती शांतता कधी ऐकली नव्हती, कारण ती माझ्यासाठी घराचा नेहमीचा आवाज होती. मी उंबऱ्यावर उभा राहिलो, धूर डोळ्यांत गेला, आणि म्हणालो, "भरीत व्हयनं का वं? माले बी वाढा."

चाल चुकली असणार. मग शकूअक्काच्या त्या चुना पाडणाऱ्या हास्याने पेरूवरचे पोपट उडाले, आणि इंदूने माझ्याकडे न बघता केळीच्या पानावर भरीत वाढलं, वर कांद्याची पात, शेजारी कळण्याची भाकरी, आणि पान स्वतःच्या शेजारी ठेवलं. मी जमिनीवर बसलो. गुडघे वाजले. ते वाजणंही मुद्रणात आहे असं पूर्वा म्हणते.

कंपनीचं उत्तर आठवड्याभरात आलं: असंच आणखी पाठवा. पूर्वाचं काम सध्या तरी राहिलं आहे. सध्या तरी, हे तिचेच शब्द. यंत्र अहिराणी शिकून झालं की हे कामही संपेल, हे ती जेवता जेवता सहज सांगते. मग दुसरं शोधू, नाना, बुंध्याशी काहीतरी उगवेलच. मधल्या काळात तिला स्वतःला अहिराणी येऊ लागली आहे. 'शिकी ऱ्हायनू', म्हणजे शिकते आहे, असं ती विचारणाऱ्यांना सांगते. राजेंद्रने एके दिवशी आंघोळीहून येता येता आईशी एक अख्खं वाक्य अहिराणीत बोलून टाकलं आणि मला पाहून पोरासारखा दचकला. गल्लीतल्या बायका आता गुरुवारी जमतात. भरताचे दिवस संपत आले तसे शेंगा भाजायला घेतल्या आहेत. मी दूध घेऊन परततो तेव्हा मागच्या गल्लीने येतो, चपला हातात घेऊन. त्यांचं बोलणं तुटू नये म्हणून, असं मी पूर्वाला सांगतो. खरं तर पेरूआडच्या भिंतीपाशी जरा वेळ उभं राहता यावं म्हणून.

परवा ती ते पहिलं मुद्रण लिहून काढत बसली होती. प्रत्येक आवाजापुढे कंपनीला एक गोष्ट नोंदवून हवी असते: ही भाषा या माणसाची जन्माची, की मागाहून शिकलेली. शकूअक्कापुढे तिने 'जन्माची' असं लिहिलं, मथुरापुढे लिहिलं, आजीपुढे लिहिलं. मग दाराचं कुरकुरणं आलं, ती लांब शांतता आली, आणि तिच्या शेवटी माझे ते अडखळणारे शब्द. पूर्वा थांबली. मी शिरपूरच्या मातीत जन्मलेला, त्या भाषेत रडलेला, पहिलं पाणी मागितलेला माणूस. पण तो आवाज ऐकून तसं कुणी म्हटलं नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. नानांपुढे काय लिहू, आजी?

इंदू रोपाला पाणी घालत होती. तिने तांब्या पूर्ण रिकामा होऊ दिला, कुंडीखालचं ओघळलेलं पाणी पदराने टिपलं, आणि घाई न करता म्हणाली,

"लिख, आते शिकी ऱ्हायना."